कॉर्डलेस रेसिप्रोकेटिंग सॉ: आधी शू टेकवा, मग ट्रिगर दाबा

ही करवत पहिल्यांदा हातात घेतली की वाटतं, ड्रिलचीच लांबुडकी बहीण. पण ड्रिल गोल फिरतं आणि हिचं पातं पुढे-मागे धावतं. साधारण 18 व्होल्टच्या यंत्रात पातं दर खेपेला 25 ते 32 मिलिमीटर सरकतं आणि मिनिटाला तीन हजारांच्या आसपास खेपा होतात. बहुतेक पात्यांचे दाते यंत्राकडे वळलेले असतात, म्हणजे खरी कापणी पातं मागे येताना होते. त्या वेळी कापायची वस्तू यंत्राकडे ओढली जाते. तिला अडवायला पात्याच्या मुळाशी जो लोखंडी तुकडा असतो, तो शू. शू वस्तूवर घट्ट टेकलेला असला की ओढ जागच्या जागी जिरते. टेकलेला नसेल तर पातं लाकूड कापायचं सोडून लाकडालाच, नाहीतर तुमच्या हाताला, हलवत बसतं.

बॅटरी शेवटी लावायची. पातं बसवणं, शू पुढे-मागे करणं, यंत्र पुसणं, सगळं बॅटरी काढून. ट्रिगरला लॉक असेल तर तेही लावून ठेवा. पण लॉक आहे म्हणून बॅटरी आत ठेवू नका. बोट चुकून कुठे जाईल त्याचा नेम नसतो. पातं चकमध्ये, म्हणजे ते पकडणाऱ्या तोंडात, सरकवलं, त्याभोवतीचं कडं म्हणजे कॉलर फिरली, की पातं पकडून एकदा जोरात ओढून पाहा. हातमोजा घालून. अर्धवट बसलेलं पातं पहिल्याच धक्क्याला सुटतं.

पात्याची निवड दात्यांवरून आणि लांबीवरून. लाकडाला इंचाला 6 दाते पुरतात, खिळे असलेल्या लाकडाला 10च्या आसपास दात्यांचं बायमेटल (लवचिक पाठीवर कडक दाते असलेलं) पातं घ्या, धातूला 14 ते 24. धातू जितका पातळ तितके दाते बारीक. कापायच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते बसावेत असा साधा हिशेब आहे. पातळ पत्र्याला तेवढे बसत नाहीत, तेव्हा मिळेल तितकं बारीक पातं लावून अगदी हळू चालवायचं. जाड दात्यांनी पत्रा कापायला गेलात तर दाते कडेला अडकतात आणि एकेक मोडतो.

लांबीकडे मात्र लोक फार दुर्लक्ष करतात. पातं मागे आल्यावरही त्याचं टोक वस्तूच्या पलीकडे निघालेलं हवं. 4 इंची लाकडाला 6 इंची पातं अपुरं पडू शकतं; 9 इंची घ्या. उलट पलीकडे काय आहे तेही मोजा. एकदा मी भिंतीलगतचा गंजका पाईप कापत होतो. मागे भिंत आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण पातं किती लांब ते पाहिलं नव्हतं. टोक भिंतीवर आदळलं, करवत छातीकडे उसळली आणि पातं अंगठ्याएवढं वाकलं. मनगट दोन दिवस दुखलं. तेव्हापासून पातं वस्तूशेजारी धरून, पुढे-मागे सरकवून पाहिल्याशिवाय बॅटरी लावत नाही.

भिंतीत किंवा फरशीखाली कापायचं असेल तर आतल्या वायरी आणि पाण्याचे पाईप कुठून जातात ते आधी पाहा. त्या भागाचा मेन स्विच आणि पाणी बंद. नुसता खोलीचा दिवा मालवला म्हणून भिंतीतली वायर मरत नाही. लहानसं छिद्र पाडून आत डोकावलेलं बरं, आणि पातं शक्य तितकं आखूड ठेवा. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टस असू शकतं. तशी शंका असेल तर ते काम माहीतगारावर सोडा. साध्या मास्कवर भागणार नाही.

गॉगल आणि कानाचे मफ हवेतच. लांब बाह्या चालतील, पण सैल नकोत.

आता कापायला घ्या. वस्तू शिकंज्यात किंवा क्लँपने आवळा. पायाखाली दाबून धरलेलं लाकूड म्हणजे पात्याजवळ आलेला पाय. दोन्ही हातांनी यंत्र धरा: एक हात मुठीवर, दुसरा पुढच्या रबरी आवरणावर, शूच्या पलीकडे कधीच नाही. शरीर कापण्याच्या रेषेत न ठेवता किंचित बाजूला. शू टेकवा, ट्रिगर हळू दाबा, खाच पडू द्या, मग वेग वाढवा. लाकडाला पूर्ण वेग चालतो. धातूला कमी, आणि खाचेत तेलाचा थेंब. ऑर्बिटल बटण (पातं पुढे-मागे धावतानाच किंचित लंबगोल फिरवणारं) असेल तर ते लाकडालाच, धातूला बंद. पात्यावर भार टाकू नका. जोर लावावा लागतोय म्हणजे पातं बोथट झालंय.

फांदीची गोष्ट वेगळी. लोंबती फांदी वरूनच कापली तर शेवटी साल सोलत खाली येते, म्हणून आधी खालून पाव ते एक तृतीयांश खाच घ्या, मग थोडं बाहेरच्या बाजूला वरून कापा. खाली पडलेला ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मध्ये वरून कापताना फट मिटत जाते आणि पातं चिमटतं. तिथे शेवटचा भाग खालून कापा. पातं अडकलं तर ट्रिगर सोडा, बॅटरी काढा, मग पाचर ठोकून सोडवा. चालू यंत्राने हिसके देऊ नका. आणि शिडीवर चढून हे करू नये: एक हात शिडीला, एक यंत्राला, म्हणजे यंत्राला दोन हात उरत नाहीत.

कापून झालं की ट्रिगर सोडल्यावरही पातं क्षणभर चालतं. ते थांबल्यावरच खाली ठेवा. लगेच पातं काढायला जाल तर बोट भाजेल, विशेषतः धातू कापल्यावर. वाकलेलं पातं सरळ करून वापरणारे भेटतात. ते दुसऱ्यांदा वाकतं ते मोडूनच. टाकून द्या. तापलेली बॅटरी निवल्यावर चार्जरला लावा, आणि खिळे-स्क्रूच्या डब्यात ती सुटी टाकू नका. धातूने टर्मिनल जोडली गेली तर आग लागू शकते.