ग्रीन कार्ड हरवलंय आणि सिटिझनशिपची वेळ झालीय

कार्ड हरवलं म्हणून ग्रीन कार्डधारकाचा दर्जा जात नाही. तो यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याच्या) नोंदीत आहे तसाच असतो. त्यामुळे ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं भरत आली असतील (अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन एकत्र राहत असाल तर तीन), तर नवीन कार्ड येईपर्यंत एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, अडवून ठेवायची गरज नाही. मुदत भरायच्या ९० दिवस आधीपासून हा अर्ज करता येतो.

हे सांगितलं की आपल्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सिटिझनशिप मिळणारच आहे, मग आय-९० चे, म्हणजे नवीन कार्डाच्या अर्जाचे, पैसे कशाला घालवू?" एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे एन-४०० ऑनलाइन भरायला ७१० डॉलर आणि आय-९० ला ४१५. दोन्ही मिळून खिशाला चाट बसते, मान्य. तरीही आय-९० टाळू नका. १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाने दर्जाचा पुरावा जवळ बाळगलाच पाहिजे, असा कायदा आहे. गैरसमज होतो तो एका सवलतीमुळे. डिसेंबर २०२२ पासून एन-४०० च्या पावतीने जुन्या कार्डाची मुदत २४ महिन्यांनी वाढते. पण ती पावती कार्डासोबत दाखवायची असते. कार्डच नाही तर मुदत वाढणार कशाची? हरवलेल्या कार्डासाठी आय-९० भरावाच लागतो, हे यूएससीआयएसने ही सवलत देतानाच सांगितलं होतं. आय-९० च्या पावतीचंही तेच, नुसत्या कागदावर विमानात कुणी बसवत नाही.

दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाकून द्या. मधल्या काळात प्रवास किंवा नवी नोकरी असेल, तर यूएससीआयएसच्या १-८००-३७५-५२८३ या नंबरवर फोन करून पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे ग्रीन कार्डाच्या दर्जाचा पुरावा म्हणून चालणारा, तात्पुरता शिक्का मागा. आधी मशीन बोलेल, कंटाळून फोन ठेवू नका. सध्याच्या नोकरीत रुजू होताना आय-९ साठी (काम करायची परवानगी तपासण्याचा फॉर्म) ग्रीन कार्ड दाखवून झालं असेल, तर एचआरने ते पुन्हा मागायचं काही कारण नाही.

अर्जात सगळ्यात जास्त अडतं ते ए-नंबरवर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने तुम्हाला दिलेल्या नोंदणी क्रमांकावर. कार्ड समोर नाही, फोटो काढलेला नाही, मग नंबर आणायचा कुठून? आय-४८५ (अमेरिकेत राहून केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर झाल्याचा कागद शोधा, तिथे असतो. इमिग्रंट व्हिसावर आला असाल तर जुन्या पासपोर्टातल्या व्हिसावर तो छापलेला असतो. ईएडी कार्ड (कामाच्या परवान्याचं कार्ड) जपून ठेवलं असेल तर त्यावर 'यूएससीआयएस नंबर' म्हणून दिसतो तोच.

हेच कागद नावासाठीही जवळ ठेवा. भारतीय पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ते तसंच ग्रीन कार्डावर उतरतं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र मधलं नाव वेगळं पडतं. एन-४०० मध्ये सध्याचं कायदेशीर नाव आणि आजवर वापरलेली बाकीची नावं विचारतात. कार्ड नसताना आठवणीवर विसंबून लिहू नका. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि बदललेलं मधलं नाव असा तिहेरी घोळ असू शकतो. लग्नाचा दाखला काढून ठेवा.

भारताच्या फेऱ्यांच्या तारखाही लागतात. पाच वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत, आणि एकच फेरी सहा महिन्यांवर गेली असेल तर त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. पासपोर्टावरचे शिक्के पुसट झाले असतील तर विमानाच्या तिकिटांच्या जुन्या ईमेल चाळा.

कार्ड भारतातच हरवलं तर गोष्ट वेगळी. हे बहुतेक वेळा आईवडिलांच्या बाबतीत घडतं, अर्धं वर्ष पुण्यात आणि अर्धं लेकीकडे असणाऱ्यांच्या. तिथून आय-९० चा उपयोग नाही. पोलिसांत हरवल्याची तक्रार नोंदवा, आय-१३१ए ची (कार्डाशिवाय परत येण्यासाठी प्रवासाचा कागद मागायचा अर्ज) फी ऑनलाइन भरा आणि अमेरिकन कॉन्सुलेटशी संपर्क साधा. कॉन्सुलेटकडून मिळालेल्या कागदावर एअरलाइन विमानात बसवते. अमेरिकेबाहेर वर्ष व्हायच्या आत हे उरकायला हवं. परत आल्यावर मग आय-९०.

नागरिकत्वाच्या मुलाखतीला अधिकारी कार्ड मागेल. "हरवलं, आय-९० भरलाय" एवढं साधं उत्तर द्या आणि पावती पुढे करा. पोलीस तक्रार केली असेल तर तीही. नको तिथे लांबण लावणं ही आपली सवय, ती इथे आवरा. हे कागद तिथे दाखवणं महत्त्वाचं आहे, कारण शपथविधीच्या दिवशी आत शिरताना ग्रीन कार्ड परत करावं लागतं. कार्ड हरवल्याचा आणि ते परत मिळवायचा प्रयत्न केल्याचा पुरावा मुलाखतीत दिला असेल, तर ही अट माफ होते. शपथविधीच्या पत्रासोबत येणारा एन-४४५ हा फॉर्म शपथेच्या दिवशीच भरून न्या, आदल्या आठवड्यात नको, कारण त्यात मुलाखतीनंतर काय काय घडलं ते विचारलेलं असतं.

आणखी एक. नवीन कार्ड आल्यावर जुनं कार्ड एखाद्या सुटकेसच्या अस्तरात सापडतंच. हरवल्याची नोंद झालेलं कार्ड पुन्हा वापरायचं नाही, विमानतळावर तर मुळीच नाही. शपथेला जाताना दोन्ही कार्डं घेऊन जा आणि दोन्ही देऊन टाका.