कन्सल्टंटकडून इमिग्रेशनचा अर्ज भरून घेताय? या चुका टाळा

"तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं आम्ही बघतो." हे ऐकलं की हायसं वाटतं, पण कान टवकारायचे ते इथेच. फॉर्म कोणीही भरो, त्यातली माहिती खरी असल्याचं लिहून तुम्ही देता आणि खोटेपणा निघाला तर बंदीही तुमच्यावरच येते. कॅनडात ती ५ वर्षांची असते, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. "मला माहीतच नव्हतं, एजंटने भरलं होतं," एवढ्यावर सहसा सुटका होत नाही.

पहिली चूक परवान्याची. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट बघून भागत नाही. नंबर मागून घ्या आणि तो त्या देशाच्या नोंदणी यादीत स्वतः शोधा. या याद्या ऑनलाइन खुल्या असतात. कॅनडासाठी 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'ची यादी बघा. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला ७ आकडी नंबर असतो. ब्रिटनमध्ये हे काम पाहणाऱ्या संस्थेचं नाव २०२५च्या जानेवारीपासून 'इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी' झालंय. वकील असेल तर त्याची सनद बार किंवा लॉ सोसायटीकडे तपासायची. नोटरीचा घोळ वेगळाच: क्युबेकमधल्या नोटरीला कॅनडाच्या इमिग्रेशन अर्जात पैसे घेऊन प्रतिनिधी होता येतं, अमेरिकेत मात्र नुसत्या नोटरीला इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार नाही.

नंबर खरा निघाला तरी तो समोरच्याच माणसाचा आहे ना? दुसऱ्याचा नंबर दाखवून धंदा करणारे असतात. यादीत दिलेल्या फोनवरच फोन लावून खात्री करा.

याहून वाईट म्हणजे पैसे घेऊन फाईल तयार करायची, पण अर्जात स्वतःचं नाव कुठेच येऊ द्यायचं नाही. प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म असतो: कॅनडात आयएमएम ५४७६, ऑस्ट्रेलियात ९५६, अमेरिकेत वकिलासाठी जी-२८. "त्याची गरज नाही, तुम्हीच भरलाय असं दाखवू," असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

आता सगळ्यात जास्त फाईली जिथे अडकतात तो प्रश्न: 'तुम्हाला कोणत्याही देशाने पूर्वी व्हिसा नाकारला आहे का?' समजा, ८ वर्षांपूर्वी अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा रिजेक्ट झाला होता आणि आता अर्ज कॅनडाचा आहे. एजंट म्हणतो, "त्याचा इथे काय संबंध, 'नाही'वर टिक करू." कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसांत इमिग्रेशनची माहिती देतात-घेतात. 'हो' लिहून, दोन ओळींत कारण सांगून पुढे जाता आलं असतं. 'नाही' लिहिलं की मुद्दा जुन्या नकाराचा राहत नाही, लपवाछपवीचा होतो.

म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही नको. पाठवण्याआधी पूर्ण पीडीएफ मागा आणि पासपोर्ट, नोकरीची पत्रं शेजारी ठेवून एकेक तारीख ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण तुमच्या आयुष्यातल्या तारखा तुमच्याइतक्या कोणालाच ठाऊक नाहीत.

पोर्टलवर ईमेल कोणाचा टाकलाय तेही बघा. फक्त एजंटचाच असेल तर पत्रं त्याच्याकडे जातात. कॅनडाच्या बायोमेट्रिक्सच्या पत्राला ३० दिवसांची मुदत असते. ते त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं तर दिवस तुमचे जातात. फी, कामाची व्याप्ती आणि परताव्याच्या अटी लेखी घ्या. 'शंभर टक्के गॅरंटी' देणाऱ्याशी तर बोलणंच वाढवू नका, निर्णय त्याच्या हातात नसतोच.

आणि चूक होऊनच गेली असेल तर? निर्णय यायची वाट बघत बसू नका. कॅनडात वेबफॉर्मवरून, ऑस्ट्रेलियात १०२३ क्रमांकाच्या फॉर्मवर चुकीचं उत्तर कळवता येतं. कळवलं म्हणजे माफी मिळालीच असं नाही, पण त्यांनी पकडण्याआधी आपण सांगितलेलं केव्हाही बरं. एजंट बदलायचा असेल तर जुन्याची नेमणूक लेखी रद्द करा, पासवर्ड बदला, मूळ कागद परत घ्या. तो परवानाधारक असेल तर तक्रार त्याला परवाना देणाऱ्या संस्थेकडे करता येते. परवाना तपासून घेण्याचा आणखी एक फायदा हा.