बॅच जोडून ठेवायची तर एक वही करा

ग्रुपवर नंबर आहे म्हणजे माणूस हाताशी आहे, असं नसतं. सिम बदललं की गडी गायब. आमच्या बी.ए.च्या बॅचचे निम्मे लोक सापडले ते २०० पानी वहीमुळे. प्रत्येकाच्या नावासमोर दोन नंबर लिहा: एक त्याचा, दुसरा गावातून न हलणाऱ्या माणसाचा, म्हणजे भावाचा, नाहीतर किराणावाल्याचा. मुलींचं माहेरचं आडनाव अन् गाव हवंच. लग्नानंतर आडनाव बदलतं, काहींचं तर नावही. मग फेसबुकवर काय शोधणार? भाऊबीजेला माहेरी फोन लावा, बहुतेक जणी तिथंच भेटतात.

भेटीची तारीख ग्रुपवर विचारत बसू नका, वर्ष निघून जातं. आम्ही तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, कायमचा धरलाय. पोळ्याला पुण्या-नागपूरवाले गावी आलेलेच असतात, सोयाबीनही हिरवंच असतं. दसऱ्याला अर्धे सोंगणीत, म्हणजे सोयाबीनच्या कापणीत, दिवाळीनंतर कापूस वेचणी, अन् मे महिन्यात ४५ अंशांत कोण येतो! वर्गणी मात्र १०० रुपयांच्या वर नेऊ नका. आकडा वाढला की शेती करणाऱ्या मित्राची नेमकी त्याच दिवशी तब्येत बिघडते.