जुन्या वस्तूंची म्युझियमसारखी नोंद कशी ठेवायची

पुण्यात बाजीराव रोडवरच्या केळकर म्युझियमात २० हजारांच्या वर वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. मग बाकीच्या हव्या तेव्हा सापडतात कशा? तर रजिस्टरमुळे. तुमच्याकडे वाड्यातलं किंवा संस्थेचं जुनं सामान असेल तर हेच छोट्या प्रमाणात करता येतं.

आधी बांधीव रजिस्टर घ्या, सुटे कागद नकोत. पानांना नंबर टाका, पक्क्या शाईने लिहा, व्हाइटनर अजिबात नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. म्युझियमवाले याला अ‍ॅक्सेशन रजिस्टर म्हणतात, म्हणजे आलेल्या वस्तूंची नोंदवही. नंबर तीन भागांत ठेवा, म्हणजे २०२४.७.३ याचा अर्थ २०२४ साली आलेल्या सातव्या खेपेतली तिसरी वस्तू. आकडे मराठी की इंग्रजी ते पहिल्याच दिवशी ठरवा बरं का, कारण घाईत लिहिलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ ओळखता येत नाही, मी फसलोय. नंबरपुढे वस्तू काय, कशाची, मापं, कोणी दिली, कधी, आणि तडा-गंज काय आहे ते. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. शंभर वर्षांवरची मूर्ती वगैरे असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची सरकारी नोंदणीही लागते, ते कागद याच फाइलला लावा.

आता वस्तूवर नंबर घालणं. समजा पितळी अडकित्ता आहे. सहज दिसणार नाही आणि हाताळताना घासणार नाही अशी जागा बघा, पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक लेप देणारं रेझिन) अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून तिथे नखाएवढा पातळ थर द्या, वाळला की त्यावर बारीक निबने नंबर, परत वाळू द्या, वरून आणखी एक थर. शाई पितळाला लागतच नाही आणि उद्या पुसायचं झालं तर अ‍ॅसिटोनने निघतं. साडीला हे चालत नाही, तिथे सुती फितीवर नंबर लिहून दोन सैल टाके घाला. कागदाला मागे मऊ पेन्सिल. सेलोटेप कशालाच नको, त्याचा डिंक पिवळा पडून डाग राहतो.

पण खरी गंमत जागेत आहे. आम्ही एका संस्थेत जागेच्या रकान्यात 'हॉलमधलं मोठं कपाट' असं लिहून मोकळे झालो, मग रंगकाम निघालं, कपाट गेलं वरच्या मजल्यावर, सामान गेलं तीन खोक्यांत आणि एका समईसाठी दोन रविवार गेले. म्हणून खोली-कपाट-फळी असा कोड द्या, खो२-क१-फ३ असा, कपाटावर चिठ्ठीही लावा आणि वस्तू हलवली की त्याच दिवशी नोंद, रिकाम्या जागी कोणी कुठे कधी नेली ती स्लिप.

कॉम्प्युटरवर घ्यायचं तर एक्सेल पुरतं, बॅकअप मात्र दुसऱ्या जागी हवा. मोठ्या सरकारी म्युझियमसाठीचं 'जतन' सॉफ्टवेअर आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेच, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेनेच केलंय, पण पन्नास-शंभर वस्तूंना तेवढं कशाला.

वर्षातून एकदा पडताळणी करा, आणि दोन्ही बाजूंनी. रजिस्टरमधले दहा नंबर काढून वस्तू शोधायच्या, मग फळीवरच्या दहा वस्तू उचलून रजिस्टरमध्ये शोधायच्या. सापडली नाही तरी ओळ खोडायची नाही आणि तो नंबर दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. आमच्या समईपुढे अजून लिहिलेलं आहे, 'सापडत नाही', तारीख, सही, आणि त्याखाली दुसऱ्या शाईत 'सापडली, खोके क्र. २'.