टाइप करता येत नाही? फोनशी मराठीत बोला

घरातल्या मोठ्यांना इंटरनेटवर खूप काही शोधायचं असतं, पण बारीक कीबोर्डवर मराठी अक्षरं शोधण्यातच ते थकतात. अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड असेल, तर एकदाच एवढं करून द्या:

१. कुठेही लिहायची जागा उघडा. कीबोर्ड आला की त्यावरच्या दातेरी चाकाच्या खुणेवर बोट ठेवा.
२. 'लँग्वेजेस'मध्ये जाऊन 'अ‍ॅड कीबोर्ड' दाबा, मराठी निवडा.
३. परत लिहायला या. स्पेसबार दाबून धरला की भाषांची यादी येते, त्यातून मराठी घ्या.
४. आता माइकच्या खुणेवर टिचकी मारा आणि बोला.

तुटक शब्द नकोत, सरळ वाक्य बोलायला सांगा: "सातबारा ऑनलाइन कसा बघायचा", "पंढरपूरला जाणारी एसटी किती वाजता". व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडांना निरोपही असाच लिहिता येतो. आडनावं आणि गावांची नावं मात्र बऱ्याचदा चुकतात, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचून घ्यावं.

एक गोष्ट आवर्जून शिकवा. शोधल्यावर सगळ्यात वर 'प्रायोजित' किंवा 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं दिसलं, तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. सरकारी कामासाठी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' (.gov.in) आहे का ते बघूनच पुढे जावं. बँकेचा फोन नंबर तर शोधूच नये. तो एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावावा.