काळ्या मातीत ल्युकोफायलम कसं लावावं आणि जगवावं

रुपेरी-राखाडी पानांचं, एरवी गप्प उभं राहणारं आणि अचानक एके दिवशी जांभळ्या फुलांनी गच्च भरून येणारं झुडूप म्हणजे ल्युकोफायलम. ते मूळचं दक्षिण टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोचं. टेक्सासने २००५ साली त्याला राज्याच्या देशी झुडपाचा मान दिला. खडकाळ, चुनखडीची जमीन आणि रणरणतं ऊन त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. खारा वाराही सोसतं, म्हणून समुद्रकाठच्या बागांतही ते लावतात. पान बोटांत धरून पाहा, बारीक मखमली लव लागते. ती ऊन परतवते आणि पानातलं पाणी सहज उडू देत नाही.

नागपुरात कुणी हे झाड घ्यायला निघालं की पहिली शंका उन्हाळ्याची येते. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा शंका रास्तच आहे. पण मुळं एकदा धरली की नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांची, चिंता फारशी उरत नाही. हे झुडूप दगावतं ते पावसाळ्यात. वर्षाचा हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो आणि काळी माती तो धरून बसते. बुडाशी चिखल राहिला की मुळं कुजतात. म्हणून खालचा सगळा खटाटोप पाणी निघून जाण्यासाठी आहे.

आधी जागा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर जमीन चालेल. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर तुमच्याकडे अस्सल काळी माती आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत बहुधा चुन्याचे पांढरे खडे असतात, त्यांचं या झाडाला वावडं नाही. जागेवर किमान सहा तास थेट ऊन हवं. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत पानं हिरवट पडतात, फांद्या लांबुडक्या होतात आणि फुलं नावालाच येतात. पश्चिमेची तापणारी भिंत, जिथे दुसरं काही टिकत नाही, ती याला खुशाल द्या.

खड्डा नको, उंचवटा करा. इथे सल्ला देणारे हमखास चुकतात. ते सांगतात, मोठा खड्डा खणा, तळाला गिट्टी टाका, वर रेती भरा. काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे छोटी विहीरच. आजूबाजूचं पाणी रेतीतून आत येतं आणि बाहेर जायला वाट नसते. त्याऐवजी जमिनीवरच दीड फूट उंच, तीनेक फूट रुंद ढीग करा. त्यासाठी एक घमेलं माती, एक घमेलं मुरूम आणि एक घमेलं जाडी रेती, याच प्रमाणात लागेल तेवढं मिसळा. बांधकामाची उरलेली बारीक रेती वापरू नका, ती मातीत दाबून बसते. शेणखत अगदी थोडं, दोन मुठी पुरे. ढीग करायच्या आधी खालची जमीन कुदळीने भुसभुशीत करून घ्या, म्हणजे मुळं पुढे खाली उतरतील.

लावायची वेळ. आपल्याकडे रोपं जून-जुलैत लावायची रीत आहे. ल्युकोफायलमला ती सोसत नाही, पिशवीतून निघालेल्या कोवळ्या मुळांवर चार महिने पाणी साचतं. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात लावा. पुढची थंडी मुळं पसरायला उत्तम. नर्सरीत नाव सांगूनच मागा, नुसतं ‘सिल्व्हर’ म्हणालात तर हातात हंगामी डस्टी मिलर पडू शकतो. पिशवीत मुळांचं भेंडोळं झालेलं मोठं रोप टाळा, फूटभराचं सुटसुटीत रोप घ्या. पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा, खोडाला माती चढवू नका. वरून गिट्टीचा थर पसरा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. कुंपणासाठी लावणार असाल तर दोन झाडांत चार फूट तरी ठेवा, हे हळूहळू पाच-सहा फुटांपर्यंत वाढतं.

पाणी. पहिला महिना तीन-चार दिवसांनी, मग हिवाळाभर आठवड्यातून एकदा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर, सावकाश आणि भरपूर. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यातही दहा-बारा दिवसांनी दिलं तरी भागतं. पावसाळ्यात मोठी उघडीप पडल्याशिवाय काहीच नको. खुरपीने दोन-तीन इंच उकरून बघा, ओल लागली तर नळी गुंडाळून ठेवा.

आणि कूलर! टाकीतून ओघळणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून नळी जवळच्या झाडाकडे वळवायची आपली सवय आहे. ती नळी या झुडपाकडे नको. रात्रंदिवस ठिबकणाऱ्या पाण्याने उन्हाळ्यातच पावसाळा होतो.

माती ओली असूनही झाड मरगळलं, खालची पानं पिवळी पडून गळू लागली, तर ती तहान नव्हे. बघणारा घाबरून आणखी पाणी घालतो आणि खेळ संपतो. पाणी तोडा, गिट्टी बाजूला सारून बुंधा मोकळा करा, जवळून चर काढून साचलेलं पाणी वाहू द्या. शेजारी मोगरा, जास्वंद किंवा लॉन असेल तर त्यांच्या पाण्याने हेच होतं. सोबतीला बोगनवेल, कण्हेर, कोरफड बरी.

युरिया नकोच. छाटणी फेब्रुवारीत, हलक्या हाताने, फांदीच्या टोकाकडचा तिसरा भाग. कात्रीने चेंडूसारखा गोल आकार देणारे माळी असतात, त्यांना आवरा. आतून झाड उघडं पडतं आणि फुलं देणारे शेंडेही जातात. फुलांसाठी वेगळं काही करावं लागत नाही, हवा दमट झाली, पाऊस येऊन गेला की ती आपोआप उमलतात.

आणखी रोपं हवी असतील तर सप्टेंबरात अर्धवट पिकलेल्या फांदीची चार इंची काडी कापा, खालची पानं काढा, मुळं फुटायला मदत करणारी रूट पावडर लावून जाड्या रेतीत खोचा. वर प्लास्टिकची पिशवी झाकू नका, लव असलेली पानं कोंडलेल्या ओलाव्यात सडतात. काड्या सावलीत ठेवा आणि रेती जेमतेम ओलसर राहील एवढंच पाणी शिंपडा.