रेडकू विकण्याजोगं कसं करावं

गायीच्या गोऱ्ह्याला महाराष्ट्रात मांसबाजार नाही. 2015 पासून गोवंश हत्याबंदी आहे. तिथे सेक्स्ड सीमेन (मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य) वापरून बहुतेक कालवडीच होतील असं पाहणं, एवढाच उपाय. म्हशीचं मात्र वेगळं; या बंदीत रेडा येत नाही, तो मांसासाठी विकता येतो.

बरीच रेडकं पहिल्या महिन्यातच दगावतात; एक मोठं कारण म्हणजे दूध वाचवायला त्यांना चीक पाजला जात नाही. जन्मल्यावर दोन तासांत दीड लिटर आणि दिवसभरात एकूण वजनाचा दहावा हिस्सा चीक पाजा; 30 किलोच्या रेडकाला 3 लिटर. नाळेला आयोडीन लावा. दहाव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान जंताचं औषध हवंच: गोलकृमी चिकातून, दुधातून येतात आणि मातकट, घाण वासाची हगवण लागते. डोस डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) ठेवा, तीन महिन्यांनी दूध बंद करा. नुसत्या कडब्यावर ठेवलेला रेडा हाडं वाढवतो, मांस नाही. रोज दीड किलो खुराक द्याच.

चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकूतची लस, कानात बारा अंकी ओळख क्रमांकाचा बिल्ला. सौदा अंदाजाने नको, काट्यावर करा. कत्तलीसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कागद अपुरे असले की गाडी वाटेतच अडते.